ऋण कोणाचें, फेड कोणाला?

गतवर्षीं माघ महिन्यांत आमच्या शेजारच्या गांवीं माध्यमिक शाळेंत दहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ झाला. जुने शिक्षक म्हणून चालकांनीं आम्हांसहि अगत्यानें बोलाविलें होतें. असले समारंभ आम्हीं ३८ वर्षांच्या नोकरींत इतके पाहिले आहेत कीं, त्यांतील भाषणांचा क्रम आम्हांस पाठ झाला आहे. प्रथम 'आम्ही पाखरें आतां उडून जाणार', मग 'गुरुजन म्हणजे दीपस्तंभ', मग मातापितरांचे अनंत उपकार आणि शेवटीं चुकल्यामाकल्याची क्षमा. भाषण बहुधा वडील भावंडाच्या वहींतून उतरून घेतलेलें असतें, आणि तें चाललें असतां शिक्षकवर्गाचें अर्धें लक्ष फराळाच्या बशांकडे असतें. खोटें कशाला सांगावें, त्या दिवशीं आमचेंहि होतें.

परंतु चौथ्या खेपेस एक मुलगी उभी राहिली. बाप मासेमारीच्या होडीवर, आई बाजारांत मासळी विकणारी. हातांत कागद नव्हता. तिनें तीनच माणसांचे आभार मानले. पहिले गणिताचे मास्तर. ते वहींतील चूक कधीं दुरुस्त करून देत नसत; जी पायरी चुकली तिच्याखालीं पेन्सिलीची एक रेघ ओढीत आणि वही परत करीत. त्या रेघेमुळें आपली चूक आपण शोधण्याची संवय लागली, असें ती म्हणाली. दुसरी तिची आई. ती पहाटें मासळीच्या लिलावाला निघतांना मुलीला उठवी, तिच्यापुढें चहा ठेवी आणि मगच टोपली उचली. तिसरी तिची आजी. आजीला अक्षरओळख नाहीं. परंतु नात धडा मोठ्यानें वाचूं लागली कीं ती समोर येऊन बसे, आणि वाचणारीची जीभ अडखळली कीं लगेच म्हणे, 'परत वाच.' जिला वाचतां येत नव्हतें तिनें आपल्याला वाचायला शिकविलें, एवढें बोलून ती खालीं बसली.

समारंभ संपल्यावर ती नमस्काराला आली आणि हळूच विचारती झाली, "गुरुजी, आभार तर मानले, पण ह्या सगळ्यांचे उपकार फेडूचे कशे?"

आम्हीं ठरलेलें उत्तर दिलें. खूप शीक, मोठी हो, शाळेचें नांव काढ. तिनें मान हालविली आणि ती गेली. परंतु घराकडे परततांना आमचें मन आम्हांस खाऊं लागलें. कारण त्या प्रश्नाचें खरें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. तें आम्हांस एका माणसानें पूर्वींच सांगून ठेविलें होतें, आणि आम्हीं तें पाळलें नव्हतें. त्याची हकीकत पुढें येईलच. आधीं त्या उत्तराचाच विचार करूं.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेंत जन्मतःच माथीं येणारीं तीन ऋणें सांगितलीं आहेत: ऋषींचें, देवांचें आणि पितरांचें. पहिलें फिटतें ब्रह्मचर्यानें, म्हणजे अध्ययनाच्या व्रतानें, दुसरें यज्ञानें, तिसरें संततीनें. शतपथ ब्राह्मणांत यांच्या जोडीला चौथें, मनुष्यांचें ऋण सांगितलें असून, जो जो जन्मास आला त्या प्रत्येकाला तें लागू केलें आहे. आतां या हिशेबांतील एक विशेष वाचकांनीं पाहावा. पितरांचें ऋण पितरांना परत द्यावयाचें नसतें. जें वात्सल्य आपणांस मिळालें तें आपल्या लेंकरांना द्यावयाचें असतें. विद्येचेंहि तसेंच. मनुस्मृतींत पंचमहायज्ञ सांगतांना ब्रह्मयज्ञ म्हणजे अध्यापन असा अर्थ दिला आहे. सावकाराचें कर्ज सावकाराच्या हातीं दिलें म्हणजे फिटतें. हें कर्ज असें विलक्षण कीं, घेतलें एकाकडून आणि फेडावयाचें तिसऱ्याला.

याचें उदाहरण पाहण्यास आम्हां मालवणकडच्या लोकांना दूर जावयास नको. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं मालवणास झाला. वडील महसूल खात्यांत साधे कारकून. त्यांची बदली रत्नागिरीस झाली, म्हणून मुलाला तेथील इंग्रजी शाळा लाभली. कारकुनाची बदली ही घरच्या माणसांना किती जाचक गोष्ट असते, हें नोकरपेशाच्या वाचकांना सांगावयास नको. बिऱ्हाड हालवावयाचें, ओळखीपाळखी तोडावयाच्या, नव्या गांवीं पुन्हां पहिल्यापासून मांडामांड करावयाची. परंतु त्या एका बदलीमुळें मालवणचा हा मुलगा रत्नागिरीहून मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंत पोंचला, आणि १८६२ सालीं मुंबई विश्वविद्यालयाचे जे अगदीं पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानड्यांबरोबर त्याचेंहि नांव लागलें. पुढच्याच वर्षीं तो एम्. ए. झाला.

भांडारकरांच्या विद्याभ्यासांतील एक गोष्ट आम्हांस विशेष मननीय वाटते. संस्कृतांत जगभर कीर्ति मिळविणारा हा पुरुष संस्कृताकडे वळला तो इंग्रजी विद्या पदरीं पडल्यानंतर. मोठ्या वयांत पुण्याच्या शास्त्रीमंडळींपाशीं बसून त्यांना व्याकरणादि शास्त्रें शिकावीं लागलीं. लहानपणीं पाठांतर झालेल्या मुलाला जें सहज येतें, तें प्रौढ माणसाला किती कष्टानें मिळवावें लागतें, याचा अनुभव त्यांना स्वतः आलेला होता. मग १८६४ सालीं ते सिंधमधील हैदराबाद येथें मुख्याध्यापक झाले, आणि १८६५ सालीं रत्नागिरीच्या शाळेवर आले. ज्या गांवीं बापाच्या बदलीमुळें शाळा मिळाली, त्याच गांवीं मुलगा मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसला. येथपर्यंतची गोष्ट भाग्याची झाली. कृतज्ञतेची गोष्ट येथून पुढें आहे.

त्या काळीं संस्कृत शिकावयाचें म्हणजे रूपावली, समासचक्र, अमरकोश हीं प्रथम मुखोद्गत करावयाचीं, आणि मग काव्यांत शिरावयाचें. पाठशाळेंत दिवसभर बसणाऱ्या विद्यार्थ्याला ही रीत उत्तम. परंतु गणित, इतिहास, इंग्रजी यांच्या गर्दींतून संस्कृताला आठवड्यांतून मोजकेच तास देऊं शकणाऱ्या शाळेंतल्या मुलानें काय करावें? भांडारकरांनीं त्याच दशकांत त्याच्यासाठीं संस्कृताचें पहिलें आणि दुसरें पुस्तक लिहिलें. एका धड्यांत व्याकरणाचा थोडकाच भाग, लागणारे शब्द त्याच धड्यांत, मग संस्कृतांतून इंग्रजींत करावयाचीं वाक्यें, आणि मग इंग्रजींतून संस्कृतांत करावयाचीं. नियम पाठ झाला कीं नाहीं याची परीक्षा तेथल्या तेथें. पहिल्या पुस्तकाला त्यांनीं 'मार्गोपदेशिका' असें नांव दिलें. स्वतः ज्या वाटेवर ठेंचा खाल्ल्या, त्या वाटेवरचे धोंडे मागून येणाऱ्यासाठीं बाजूला करावे, याहून गुरुदक्षिणा ती वेगळी कोणती? त्यांच्या गुरुजींना या पुस्तकाचा कांहीं उपयोग नव्हता. उपयोग झाला तो त्यांनीं कधीं पाहिलींहि नव्हतीं अशा हजारों मुलांना, आणि दीडशें वर्षें उलटून गेलीं तरी तो सरलेला नाहीं.

पुढें ते डेक्कन कॉलेजांत प्राध्यापक झाले, १८९३ सालीं मुंबई विश्वविद्यालयाचे कुलगुरु झाले. वयाला ८० वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, ६ जुलै १९१७ रोजीं, पुण्यास त्यांच्या नांवाचें प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें. आपला ग्रंथसंग्रह त्यांनीं त्या संस्थेला देऊन टाकला. तेथें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम सुरू झालें. भांडारकर १९२५ सालीं निवर्तले. त्याच सालीं ज्यांनीं तें काम हातीं घेतलें ते डॉक्टर विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ सालीं गेले. आवृत्ति पुरी झाली १९६६ सालीं. ज्यांनीं आरंभ केला त्यांनीं शेवट पाहिला नाहीं, आणि ज्यांनीं शेवट केला त्यांना आरंभ करणारांचे आभार मानावयास समोर कोणी नव्हतें. त्यांनीं काम पुरें केलें, हेच त्यांचे आभार.

दुसरें उदाहरण महर्षि धोंडो केशव कर्व्यांचें. त्यांचें बाळपण दापोलीजवळच्या मुरूड गांवीं गेलें. १८७५ सालीं मराठी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठीं ते ऐन पावसांत कुंभार्ली घाट चढून पायीं साताऱ्यास गेले, आणि मुलगा वयानें लहान दिसतो म्हणून परीक्षकांनीं त्यांना बसूं दिलें नाहीं. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु १९१५ सालच्या आपल्या 'आत्मवृत्तां'त त्यांनीं मुरूडच्या सोमण गुरुजींना किती मान दिला आहे, याची आठवण थोड्यांना असते. आपल्या मनांत लोकसेवेचें बीज सोमण गुरुजींनीं पेरलें, असें कर्व्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें आहे. आतां पाहा, सोमण हे एका खेड्यांतले शाळामास्तर. १८९६ सालची अनाथबालिकाश्रमाची स्थापना आणि १९१६ सालचें महिला विद्यापीठ यांचा लाभ ज्या मुलींना झाला, त्यांनीं सोमणांचें नांवहि ऐकलें नसेल. परंतु त्यांच्या पदरांत पडलें तें मूळचें मुरूडचेंच धन होय.

एवढ्यावरून कोणी असें समजूं नये कीं, पुढच्याला दिलें म्हणजे मागच्याकडे वळूनहि पाहावयास नको. तोंडानें आणि पत्रानें आभार मानणें हेंहि कर्तव्यच आहे, आणि तें वेळेवर केलें पाहिजे. आल्बेर काम्यू हा फ्रेंच ग्रंथकार अल्जीरियांत वाढला. बाप १९१४ च्या युद्धांत पडला. आई कानांनीं अधू आणि निरक्षर. घरांत सत्ता आजीची. मुलानें प्राथमिक शाळा संपतांच कामाला लागावें असा घरचा विचार. तेथल्या शाळेंतील लुई जेर्मैं नांवाच्या मास्तरांनीं त्याला विनामोबदला शिकविलें, आजीची समजूत घातली आणि १९२४ सालीं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसविलें. १९५७ सालीं काम्यूला नोबेल पारितोषिक मिळालें. गडबड ओसरल्यावर, १९ नोव्हेंबर रोजीं, त्यानें आपल्या म्हाताऱ्या मास्तरांना एक लहानसें पत्र लिहिलें. ही वार्ता कळतांच आईच्या पाठोपाठ मनांत आलांत ते तुम्हीच, असा त्याचा आशय होता. त्या प्रसंगीं केलेलीं भाषणें पुस्तकरूपानें निघालीं, तींहि त्यानें त्याच मास्तरांना अर्पण केलीं. गणिताचे मास्तर, आई आणि आजी यांची नांवें घेणारी आमच्या किनाऱ्यावरची मुलगी आणि हा फ्रेंच ग्रंथकार यांच्यांत हजारों कोसांचें अंतर आहे. परंतु दोघांनाहि आपण कोणामुळें उभे आहों हें ठाऊक होतें. आणि जेर्मैं गुरुजींना तें पत्र त्यांच्या हयातींत मिळालें, हें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें.

आतां आमची हकीकत.

आमच्या लहानपणीं गांवांत एक वृद्ध शास्त्रीबुवा राहत असत. चार माड, दोन कलमें आणि थोडी भिक्षुकी एवढीच त्यांची प्राप्ति. आमच्या शाळेंत संस्कृत नव्हतें, म्हणून वडिलांनीं आम्हांस त्यांच्या हवालीं केलें. दिवेलागण झाली कीं आम्ही त्यांच्या ओटीवर जाऊन बसूं. रूपावली झाली, समासचक्र झालें, अमरकोशाचें पहिलें कांड झालें. मग एके दिवशीं त्यांनीं माळ्यावरून पुठ्ठा निघालेलें भांडारकरांचें पहिलें पुस्तक काढलें. शास्त्रीबुवांना इंग्रजी येत नव्हतें. तेव्हां इंग्रजी वाक्याचा अर्थ आम्हीं शाळेच्या कोशांतून काढून त्यांना सांगावा, आणि आमचें संस्कृत त्यांनीं तपासावें, असा तह ठरला. गुरु शिष्याकडून शिकावयास लाजत नाहीं, हें आम्हीं तेथें पाहिलें. पांच वर्षें हें चाललें. एक पैसा त्यांनीं घेतला नाहीं. आमच्या आईनें कधीं पायलीभर तांदूळ, कधीं केळ्यांचा घड पाठवावा, तेवढाच.

१९७५ सालीं आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालों, आणि शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून १९७८ सालीं प्राथमिक शाळेवर नोकरीस लागलों. पहिल्या पगारांतून धोतरजोडी घेऊन शास्त्रीबुवांच्या पायांवर घातली. ते म्हणाले, "धोतर ठेवून घेतों, बाळ, पण तें दोन वर्षांत विरेल. तूं एका पोराला शब्द चालवायला शिकव, म्हणजे माझें सगळें फिटलें."

आम्हीं 'हो' म्हटलें. एका पोराला! कांहीं फार मागितलें नव्हतें. परंतु प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमांत संस्कृत नाहीं, ही सबब आमच्या हाताशीं होती. बदल्या होत्या, खानेसुमारी होती, निवडणुकीचें काम होतें, घरचें आजारपण होतें. तिसऱ्या बदलीच्या गांवीं एका मुलानें आमच्या टेबलावरचें पुस्तक पाहून आपण होऊन विचारिलें, 'गुरुजी, हें मला शिकवाल?' आम्ही म्हणालों, 'पुढच्या वर्षीं पाहूं.' पुढच्या वर्षीं तो मुलगा मामाकडे मुंबईस गेला. १९९६ सालच्या आषाढांत शास्त्रीबुवा वारल्याचें पत्र आम्हांस मिळालें, तेव्हां त्यांचा दहावा दिवस होऊन गेला होता. त्यापूर्वीं चार वर्षें आम्हीं त्यांची भेट घेतली नव्हती, कीं दोन ओळींचें पत्र टाकलें नव्हतें. पुढें २० वर्षांनीं आम्ही सेवानिवृत्त झालों, तेव्हां आमच्या सत्कारांत 'ज्ञानदानाचें पवित्र कार्य' असे शब्द पुष्कळ वेळां आले. ते ऐकतांना आम्हांस ती धोतरजोडी आठवत होती.

त्या मुलीनें प्रश्न विचारल्यावर मात्र आम्हांस राहवेना. ज्येष्ठ महिन्यांत शाळा सुरू झाल्यावर तिला निरोप पाठविला: उपकार कसे फेडावे याचें उत्तर चुकीचें दिलें होतें, रविवारीं सकाळीं ये. ती अकरावीसाठीं रोज एस्. टी. नें तालुक्याच्या गांवीं जाते, तरी रविवारीं येते. तिच्यामागून शेजारचीं दोन मुलें आलीं. आमच्या पडवींत तिघांचा वर्ग भरतो. पुस्तक तेंच, पुठ्ठा निघालेलें. शास्त्रीबुवांच्या मुलानें तें आम्हांस दिलें. मुलांचीं वाक्यें चुकलीं कीं पूर्वींच्या संवयीनें आमचा हात दुरुस्ती करावयास धांवे. आतां आम्ही नुसती रेघ ओढतों आणि वही परत देतों. गणिताच्या त्या मास्तरांचा हा आमच्यावर उपकार. ते आमच्याहून ३० वर्षांनीं लहान आहेत. गेल्या दिवाळींत त्यांच्या घरीं जाऊन आम्हीं तसें सांगून आलों. मुलगी म्हणते, घरीं देव शब्द चालवितांना ती चतुर्थीला अडखळली, तेव्हां आजी म्हणाली, 'परत वाच.' आजीला चतुर्थी ठाऊक असण्याचें कारण नाहीं. अडखळणें तिला ऐकूं येतें.

हें सर्व आम्हीं फुशारकीनें लिहीत नाहीं. ४० हून अधिक वर्षें थकलेल्या कर्जाचा हा पहिला हप्ता आहे, आणि ज्याला तो पाहून समाधान वाटलें असतें तो माणूस पाहावयास नाहीं. आमची चूक वाचकांपैकीं कोणी करूं नये, एवढ्यासाठींच हें लिहिलें.

कोकण विभागीय मंडळ निराळें झाल्यापासून दहावीच्या परीक्षेंत उत्तीर्णांचें प्रमाण राज्यांत सर्वांत अधिक म्हणून आमच्या बाजूचें नांव वर्षानुवर्षें वर्तमानपत्रांत येतें. ज्या जिल्ह्यांतील शिरोड्याच्या शाळेंत वि. स. खांडेकरांसारखे लेखक १९२० पासून १९३८ पर्यंत शिकवीत राहिले, त्या जिल्ह्याला शिक्षकाचें मोल कळत नाहीं असें कोण म्हणेल? परंतु उत्तीर्ण झालेलीं मुलें मुंबई-पुण्यास जातात, घरांना कुलुपें लागतात, आणि मागें राहिलेल्या शाळांचे पट उतरत जातात. आमची स्वतःची नोकरीची पहिली शाळा आज भरत नाहीं. जाणाऱ्यांना आम्ही दोष देत नाहीं. विद्येचें फळ घ्यावयास बाहेर जावेंच लागतें. भांडारकरहि गेलेच होते.

आतां वैशाखाची सुटी तोंडावर आली आहे. आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें आंब्याफणसाच्या निमित्तानें कोकणांतल्या घरीं येतील. त्यांना आमची दोनच गोष्टींची विनंती आहे. ज्यांनीं आपणांस पहिलें अक्षर काढावयास शिकविलें ते गुरुजी अगर बाई हयात असतील, तर मुलांना घेऊन त्यांच्या घरीं जावें. जाणें न घडलें तर पत्र लिहावें, पण तें याच महिन्यांत लिहावें. आणि सुटींत जितके दिवस राहाल तितके दिवस सकाळचा एक तास शेजारच्या एखाद्या मुलाला द्यावा. ज्याला गणित येतें त्यानें गणित, जिला इंग्रजी येतें तिनें इंग्रजी, आजोबांना स्तोत्रें येत असतील तर त्यांनीं शुद्ध उच्चार. ज्या आजीबाईंना यांतलें कांहींच येत नसेल त्यांनीं समोर बसून ऐकावें.

असा उद्योग कोणीं केला आणि तो कसा चालला, हें कळविल्यास आषाढाच्या अंकीं त्याचा परामर्श घेऊं.